कुर्त्याचा पंचनामा

पाचवीच्या वर्गाला हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांचा किस्सा सांगताना आमचा वर्ग नेहमी चिडीचूप असतो. भाऊ यूसुफला विहिरीत टाकतात, त्याच्या कुर्त्याला खोटे रक्त लावतात आणि रात्री रडत रडत बापाकडे येऊन सांगतात, त्याला लांडग्याने खाल्ले. दोन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरचा एक पोरगा इथेच उभा राहिला आणि म्हणाला, "सर, फिर भेड़िये का क्या हुआ?" वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि धडा पुढे नेला. रात्री मात्र तो प्रश्न आम्हाला झोपू देईना.

पोराचा प्रश्न अगदी बरोबर होता. लांडग्यावर आळ घेतला कुणी? ज्यांनी गुन्हा केला त्यांनीच. लांडग्यावरच का घेतला? कारण तो लांडगा होता. त्याच्याबद्दल काहीही सांगितले तरी ऐकणाऱ्याला ते पटण्यासारखे होते. रानातल्या त्या मुक्या जनावराला आपल्यावर खुनाचा आळ आला आहे याची खबरसुद्धा नव्हती.

आणि कुर्ता? मुफस्सिर सांगतात की हजरत याकूब यांनी तो कुर्ता हातात घेऊन नीट पाहिला. रक्त आहे, पण कापड कुठेच फाटलेले नाही. पोराला फाडून खाणारा लांडगा कुर्ता फाडल्याशिवाय कसा खाईल? पुढे मिसरमध्ये यूसुफ यांच्यावर दुसरा आळ आला, तेव्हा पुन्हा कुर्ताच साक्षीला आला. पुढून फाटला असेल तर बाई खरी, मागून फाटला असेल तर यूसुफ खरे. पाहिले तर तो मागून फाटलेला होता. तिथे कुणी कुणाला उलटे टांगले नाही की कबुलीजबाबावर अंगठा घेतला नाही. कापड कुठून फाटले, एवढेच पाहिले. आणि तरीही, पुरावा उघड असताना, यूसुफ तुरुंगात गेले आणि कित्येक वर्षे तिथेच राहिले.

महाराष्ट्रात गेल्या पन्नास वर्षांत गाजलेली हत्याकांडे आणि त्यांचा तपास यांच्याकडे पाहताना हा किस्सा आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. आमचे म्हणणे एकच आहे आणि ते सुरुवातीलाच सांगून टाकतो. आपल्याकडे आधी लांडगा ठरतो आणि मग कुर्ता रंगवला जातो. यात निरपराध माणूस तर बरबाद होतोच, पण त्याच वेळी खरा खुनी सुटतो आणि मेलेल्याचे रक्त वाया जाते. हे दुसरे नुकसान आपल्या ध्यानात येत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

आमचे सोनगीर आग्रा रोडवरचे गाव. धुळ्यावरून सरळ खाली गेले की दीड-दोन तासांत मालेगाव येते. 8 सप्टेंबर 2006 ला शुक्रवार होता आणि शब-ए-बारात होती. आम्ही तेव्हा अकरावीत होतो. जुम्मा संपता संपता हमीदिया मशीद, बडा कब्रस्तान आणि मुशावरत चौक या भागात बॉम्ब फुटले. सरकारी हिशेबाने 31 माणसे गेली, त्यांत लहान पोरे होती आणि मशिदीच्या दाराशी खैरातीसाठी बसलेले फकीर होते. आमचे मामू तिथे पॉवरलूमवर होते. ते वाचले. दुसऱ्या दिवशी फोनवर ते एवढेच बोलले, "कब्रस्तान में मुर्दों के लिए दुआ माँगने गए थे लोग."

मेलेले मुसलमान, जागा कब्रस्तान, रात्र शब-ए-बारातची. आणि दहशतवादविरोधी पथकाने पकडले कुणाला? नऊ मुसलमानांना. 2006 संपायच्या आत मोक्का कायद्याखाली आरोपपत्र दाखल झाले. त्या नऊपैकी एक जण स्फोटाच्या दिवशी पोलिसांच्याच कोठडीत होता. दुसरा त्या दिवशी शेकडो किलोमीटर दूर यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात नमाज पढवत होता आणि गावकरी तसे सांगत होते. म्हणजे कुर्ता ओरडून सांगत होता की आपण मागून फाटलो आहोत. पण तो पाहायचा कुणी? लांडगा तर आधीच ठरला होता.

तपास पुढे सीबीआयकडे गेला. 2010 च्या अखेरीस स्वामी असीमानंद यांचा दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब आला आणि त्याने संशयाची दिशाच बदलली. तो जबाब त्यांनी पुढे मागे घेतला. 2011 मध्ये तपास एनआयएकडे गेला, त्याच वर्षी नोव्हेंबरात नऊपैकी सात जण जामिनावर बाहेर आले. 2013 मध्ये एनआयएने भलत्याच चार जणांवर आरोपपत्र ठेवले. 25 एप्रिल 2016 रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने हयात असलेल्या आठ जणांना दोषमुक्त केले. नववा त्याआधीच रस्ता अपघातात गेला होता. शब-ए-बारातसारख्या दिवशी मुसलमानांनी आपल्याच माणसांना मारायचे ठरवले असेल हे पटण्याजोगे नाही आणि या लोकांना बळीचे बकरे केले गेले, अशा अर्थाचे न्यायालयाने म्हटले.

आपण त्या दिवशी मिठाई वाटली. पण मिठाई वाटताना 31 कबरींकडे कुणी पाहिले का? एनआयएने ठेवलेले चार आरोपीही 2019 मध्ये जामिनावर सुटले, आणि 2025 उजाडले तरी या खटल्यात एकालाही शिक्षा झालेली नव्हती. पहिल्या शंभर दिवसांत जे धागेदोरे ताजे असतात, त्या शंभर दिवसांत पोलीस नऊ चुकीच्या माणसांकडून कबुल्या लिहून घेत बसले होते. खुन्यांना एवढी सवड आणखी कोण देणार?

मालेगावच्या दोनच महिने आधी, 11 जुलै 2006 रोजी, मुंबईच्या लोकलगाड्यांत बॉम्ब फुटले होते. 187 जीव गेले. संध्याकाळी घरी निघालेली साधी नोकरदार माणसे होती ती, सगळ्या जातिधर्मांची. तेरा जणांवर खटला चालला. 30 सप्टेंबर 2015 ला पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली गेली. एकटे अब्दुल वाहिद शेख निर्दोष सुटले, तेही नऊ वर्षे तुरुंगात काढून. ते आमच्यासारखेच शाळामास्तर. तुरुंगात बसून त्यांनी 'बेगुनाह कैदी' हे पुस्तक लिहिले. पुढे दहा वर्षे गेली आणि 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाकीच्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांतला एक तर 2021 मध्येच तुरुंगात कोविडने मेला होता. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही. मात्र सुटलेल्यांना परत आत पाठवले नाही.

उच्च न्यायालयाच्या निकालातली एक गोष्ट आम्हा मास्तरांना लगेच कळते. आरोपींचे कबुलीजबाब म्हणे काही ठिकाणी शब्दाला शब्द सारखे होते. दोन पोरांच्या उत्तरपत्रिकांत एकाच ओळीत एकच चूक सापडली तर आम्ही काय समजतो? कॉपी. त्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. पण इथे ती कॉपी ओळखायला एकोणीस वर्षे लागली. बाकीही पाहा. ओळख परेड ज्याने घेतली त्याला ती घेण्याचा अधिकार नव्हता. टॅक्सीवाले साक्षीदार शंभर दिवसांनंतर बोलायला लागले. बॉम्ब नेमका कोणत्या प्रकारचा होता, हेही सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही. खुनाच्या खटल्यात हत्यार कोणते हेच सांगता येत नसेल, तर एवढी वर्षे तपासले काय?

इथे कुणी तरी म्हणेल, मास्तर, तुम्ही आपल्या माणसांची वकिली करता. म्हणून दुसरी बाजूही मांडतो.

29 सप्टेंबर 2008, पुन्हा मालेगाव, भिक्कू चौक, रमजानचा महिना. सहा जण गेले. या वेळी हेमंत करकरे यांच्या पथकाने मोटारसायकलच्या पुसलेल्या नंबरांपासून सुरुवात केली आणि तपास साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर, लेफ्टनंट कर्नल पुरोहित यांच्यापर्यंत गेला. आपल्यापैकी अनेकांना वाटले, पाहा, खरा तपास असा असतो. आम्हालाही तसेच वाटले होते. पुढे करकरे 26 नोव्हेंबरच्या रात्री शहीद झाले, तपास या हातातून त्या हातात गेला, दंडाधिकाऱ्यांसमोरच्या काही जबाबांच्या मूळ प्रतीच गहाळ झाल्या, तीनशेहून अधिक साक्षीदारांपैकी तीसहून अधिक उलटले. 31 जुलै 2025 रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडले. बॉम्ब त्याच मोटारसायकलवर होता हे सिद्ध झाले नाही, ती कुणाची हे खात्रीने सांगता आले नाही आणि संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

शेवटचे ते वाक्य ऐकून आपल्या मोहल्ल्यात संताप झाला. संताप आम्हालाही आला. मेलेल्यांच्या वारसांनी अपील केले, ते त्यांनी केलेच पाहिजे. पण मित्रहो, दहा दिवसांपूर्वी, 21 जुलैला, हाच नियम आपल्याला न्याय वाटला होता आणि 31 जुलैला तोच अन्याय वाटला. नियम एकच आहे. एकाच्या वेळी पेढे आणि दुसऱ्याच्या वेळी दगड, असे आपल्याला करता येणार नाही. निकाल झोंबत असेल तर आपण बोट ठेवायचे ते कच्च्या तपासावर आणि हरवलेल्या कागदांवर. "हिंदू सुटले" असे ओरडलो तर ज्यांनी तपास नासवला ते आरामात घरी जातात.

तपास नीट झाला की काय होते, याचे दाखलेही महाराष्ट्रातच आहेत. पुण्यात जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात दहा खून झाले. जोशी-अभ्यंकर खून म्हणून जुनी माणसे अजून त्यांचे नाव काढतात. संध्याकाळी सहानंतर पुणे दाराला कड्या लावून बसत असे. शेवटी मित्राच्या गायब होण्याबद्दल कॉलेजातल्या पोरांनी दिलेली उत्तरे एकमेकांशी जुळेनात, तिथे पोलिसांनी बोट ठेवले. मग माफीचा साक्षीदार आणि त्याच्या शब्दाला टेकू देणारा वेगळा पुरावा न्यायालयात उभा राहिला. जक्कल, सुतार, जगताप आणि मुनव्वर शहा या चौघांना 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांत मुनव्वर शहा आपल्यातला होता. त्याच्यासाठी मोर्चा निघाला नाही आणि निघायलाही नको होता. गुन्हा सिद्ध झाला होता.

26/11 चा खटला तर याहून बोलका आहे. अजमल कसाबविरुद्ध काय नव्हते? छत्रपती शिवाजी टर्मिनसवरची छायाचित्रे होती, कॅमेऱ्यांचे चित्रण होते, त्याला जिवंत धरून ठेवताना प्राण देणारे तुकाराम ओंबळे होते. 3 मे 2010 रोजी न्यायाधीश ताहिलयानी यांनी त्याला दोषी ठरवले. मारल्या गेलेल्या त्याच्या नऊ साथीदारांना मुंबईतल्या आपल्या कब्रस्तानाने जागा नाकारली होती, हे आपण विसरता कामा नये. पण त्याच दिवशी, त्याच न्यायाधीशांनी दोन भारतीय मुसलमान आरोपींना निर्दोष सोडले. त्यांनी हल्ल्यासाठी नकाशा काढून दिला असा आरोप होता. तो नकाशा म्हणे कसाबच्या मेलेल्या साथीदाराच्या पँटच्या खिशात सापडला. पँट रक्ताने माखलेली, आणि नकाशा कोरा करकरीत! ना रक्ताचा डाग, ना चुरगळल्याची खूण. न्यायाधीशांनी नेमके तिथे बोट ठेवले. पुढे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयानेही ती सुटका कायम ठेवली.

हजरत याकूब यांनी रक्त लावलेला, पण न फाटलेला कुर्ता पाहिला होता. ताहिलयानींनी रक्तात भिजलेल्या खिशातला कोरडा कागद पाहिला. नजर तीच. एकाच खटल्यात एकाला फाशी आणि दोघांना सुटका मिळाली, दोन्ही पुराव्यावरून मिळाल्या. देशभर रक्त उसळलेले असताना ही नजर शाबूत राहिली. म्हणून आम्ही म्हणतो की आपल्या देशात हे होऊ शकते. होत नाही तिथे ते करायचे नसते, म्हणून होत नाही.

आता मुळाशी येऊ. तपासाची ही वाकडी वाट कबुलीजबाबातून निघते. 1872 चा पुरावा कायदा इंग्रजांनी केला. त्यांनासुद्धा आपल्या फौजदाराचा भरवसा नव्हता. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही, असे त्यांनी लिहून ठेवले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही हे तत्त्व राहिले आहे. पण टाडा, पोटा आणि आपल्या राज्याचा 1999 चा मोक्का या कायद्यांनी याला खिडकी पाडली. मोक्कात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली चालते. मग कोण उन्हातान्हात पुरावा शोधत फिरेल? चार भिंतींत, रात्रीतून, पट्ट्याने काम होते.

बी.एड.ला आम्हाला प्रश्न कसे विचारावेत याचा पाठ होता. ज्या प्रश्नातच उत्तर दडलेले असते तो प्रश्नच नव्हे, असे आमचे प्राध्यापक सांगत. "अकबर महान होता ना?" असे विचारले की वर्ग "हो सर" म्हणतो. त्यावरून वर्गाला इतिहास येतो असे होत नाही. कोठडीत नेमका हाच प्रश्न विचारला जातो, फक्त हातात खडूऐवजी पट्टा असतो.

कबुली निघाली नाही तर माणूसच संपतो. 2 डिसेंबर 2002 रोजी घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाला. त्या प्रकरणात परभणीकडचा ख्वाजा यूनुस नावाचा तरुण इंजिनीअर पकडला गेला आणि जानेवारी 2003 मध्ये तो "गाडीच्या अपघातात पळून गेला" असे पोलिसांनी सांगितले. त्याचे प्रेत कधीच मिळाले नाही. चौकशीत तो कोठडीतच मेल्याचे पुढे आले, चार पोलिसांवर खटला भरला गेला. त्याच्याबरोबर ज्यांच्यावर स्फोटाचा खटला होता ते 2005 मध्ये निर्दोष सुटले. त्या चार पोलिसांपैकी सचिन वाझे यांना 2020 मध्ये परत नोकरीत घेतले गेले आणि पुढच्याच वर्षी ते मनसुख हिरन यांच्या खुनाच्या प्रकरणात आरोपी म्हणून अटकेत होते. आरोप सिद्ध होईपर्यंत तेही निर्दोष, हे आम्ही आमच्याच नियमाने मान्य करतो. पण कोठडीतल्या मृत्यूचा आरोप डोक्यावर असलेल्या माणसाच्या हाती पुन्हा तपास देणारे कोण होते, हे विचारायला नको?

आणि हे फक्त मुसलमानांचे दुखणे आहे असे समजू नका. त्याच परभणीत डिसेंबर 2024 मध्ये सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी, आंबेडकरी तरुण, कोठडीत मेला. गुन्हा नोंदवण्यासाठी उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. आपण मात्र आपापल्या मेलेल्यांपुरते वेगवेगळे रडतो.

आता जे लिहितो ते आपल्या घरातले आहे. 1 जुलै 2018, रविवार. आमच्याच धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा गावी बाजाराच्या दिवशी पाच माणसे आली. मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी. मोबाइलवर मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवा फिरत होत्या. कुणी तरी बोट दाखवले. लोकांनी त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि जीव जाईपर्यंत मारले. त्यांच्याजवळ ओळखपत्रे होती म्हणतात. पण कुर्ता कुणी पाहायचा? लांडगा ठरला होता.

त्या जमावात मुसलमान नव्हते, मारले गेले तेही मुसलमान नव्हते. मग आम्हाला काय त्याचे? सांगतो काय त्याचे. राईनपाड्याची ती खोली आणि पोलीस ठाण्याची कोठडी यांत आम्हाला फरक दिसेनासा झाला आहे. अनोळखी माणूस, आधीच ठरलेला गुन्हा, आणि "बोल, कबूल कर" म्हणत पडणारे तडाखे. पोलीस आभाळातून पडत नाहीत. ते आपल्याच गावांतून, आपल्याच शाळांतून जातात. आणि त्या शाळांत काय चालते, हे आमच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी आमच्या वर्गातले सहलीचे पैसे नाहीसे झाले. अकराशे पन्नास रुपये. वर्गात एक पोरगा होता, पूर्वी कधी तरी कुणाची पेन्सिल उचललेला. बाप भंगाराची गाडी ओढणारा. आम्ही दुसऱ्या कुणाला काही विचारलेच नाही. त्याला पुढे बोलावले. पहिल्या दोन थपडांना तो "नहीं सर" म्हणाला. पाचवीला "हाँ सर" म्हणाला. आम्हाला वाटले, शोध लागला. कुठे ठेवले विचारले तर आधी मैदान म्हणाला, मग खर्च केले म्हणाला. जबाब फिरत होता आणि फिरणाऱ्या जबाबालाच आम्ही चोरीचा पुरावा मानले. संध्याकाळी बापाने उधार-उसनवार करून पैसे आणून दिले आणि आमच्यासमोर पोराला आणखी बदडले.

तीन आठवड्यांनी टेबलाचा खण काढून झाडताना मागच्या फटीत ते पाकीट सापडले. तसेच्या तसे, रबर लावलेले.

आम्ही बापाकडे गेलो, पैसे परत केले, माफी मागितली. तो बिचारा उलट आमचीच समजूत काढू लागला, "सर, आप तो उस्ताद हैं." पोराला विचारले, केले नव्हते तर हो का म्हणालास? तो म्हणाला, "आप रुक जाएँगे करके." तो पुन्हा शाळेत आला नाही. आता हायवेवरच्या एका गॅरेजात टायर खोलतो. दिसला की सलाम करतो, आणि तो सलाम आम्हाला थपडेसारखा लागतो.

मुलांना मारणे कायद्याने बंद आहे, हे तेव्हाही आम्हाला माहीत होते. दहशतवादविरोधी पथकाच्या कोठडीत जे झाले ते आणि आमच्या वर्गात झाले ते एका तराजूत घालता येत नाही, हेही कळते. पण रीत एकच होती. आम्ही लांडगा ठरवला आणि पाकीट शोधले नाही. आमच्या हातात पट्टा, कायदा आणि बढतीची आशा असती तर आम्ही कुठे थांबलो असतो?

म्हणून आमचे म्हणणे दोन्हीकडे आहे, सरकारकडे आणि आपल्याकडेही.

सरकारकडे मागायचे ते नवे काहीच नाही. 22 सप्टेंबर 2006 रोजी, म्हणजे मालेगावच्या स्फोटानंतर चौदाव्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात सांगितले की गुन्ह्याचा तपास आणि बंदोबस्त ही कामे वेगळ्या माणसांकडे द्या. गणपती, मोहरम आणि मंत्र्यांचे दौरे सांभाळणाऱ्या फौजदाराकडून बोटांच्या ठशांची अपेक्षा कशी करणार? 2 डिसेंबर 2020 रोजी त्याच न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, चौकशीच्या खोलीतही, कॅमेरे लावायला सांगितले. नव्या कायद्याने सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी जागेवर जाणे सक्तीचे करायचे ठरवले आहे. हे सगळे कागदावरून ठाण्यात उतरावे. 2018 मध्ये विधी आयोगाने आपल्या 277 व्या अहवालात चुकीच्या खटल्यांत भरडल्या गेलेल्यांना भरपाई देण्याचा कायदा करा असे म्हटले. त्याचा पाठपुरावा व्हावा. आणि जिथे न्यायालय म्हणते की पुरावा रचला गेला, तिथे रचणाऱ्याचे नाव विचारले जावे. निरपराध माणूस नऊ वर्षांनी सुटतो आणि त्याला आत घालणारा सन्मानाने निवृत्त होतो, याला न्याय म्हणत नाहीत.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खटल्याचा निकाल आठवा. खून 20 ऑगस्ट 2013 चा, निकाल 10 मे 2024 चा. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले, आणि सूत्रधार कोण हे तपास यंत्रणांना उघड करता आले नाही, असे न्यायालयालाच म्हणावे लागले. त्याआधी 2 जून 2014 रोजी पुण्याच्या हडपसरमध्ये नमाज पढून परतणारा आपला एक तरुण संगणक अभियंता जमावाने मारला. जानेवारी 2023 मध्ये सगळे आरोपी सुटले. बुद्धिप्रामाण्यवादी हिंदू डॉक्टर असो की दाढी राखणारा मुसलमान पोरगा, कच्च्या तपासापुढे दोघे सारखेच. आपले आणि त्यांचे दुखणे एकच आहे, हे ज्या दिवशी दोन्हीकडच्यांना उमजेल त्या दिवशी सत्तेला उत्तर द्यावे लागेल.

आता आपल्याकडे. एखाद्या बलात्काऱ्याचा एन्काऊंटर झाला की आपल्या कट्ट्यावरही टाळ्या पडतात. टाळी वाजवताना तो हात उद्या आपल्या दारावर पडणार आहे, हे आठवावे. दुसरे, आपण साक्षीला जात नाही. पंच व्हा म्हटले की दुकानाचे शटर पडते. मग पोलीस आपले ठरलेले, सह्याजीराव पंच आणतात आणि नंतर आपणच म्हणतो की पंचनामा खोटा. जे पाहिले त्याची गवाही लपवणे हा गुनाह आहे, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. तिसरे, आपली पोरे डी.एड., बी.एड. करून आमच्यासारखी शिक्षकसेवक होतात, हे ठीक. पण कायदा शिका, न्यायवैद्यक शिका, पोलीस भरतीला उतरा. कुर्ता पाहणारी नजर ठाण्याच्या आत असायला हवी. नुसते बाहेर उभे राहून रडण्याने काही व्हायचे नाही.

आमच्या सोनगीरचा तांबट भांडे विकत घेणाऱ्याला सांगतो, झळाळीवर जाऊ नका, वाजवून पाहा. तडा गेलेले भांडे बद्द वाजते. ज्या कबुलीमागे पुरावा नाही ती तशीच बद्द वाजते. ऐकायला कान हवेत आणि थांबायला सबुरी.

त्या पोराला आम्ही दुसऱ्या दिवशी उत्तर दिले होते. म्हटले, बेटा, त्या लांडग्याला कुणी पकडले नाही, कारण बापाने आधी कुर्ता पाहिला. तो म्हणाला, "और नहीं देखते तो?"

त्याचे उत्तर मालेगावच्या त्या नऊ घरांना विचारावे लागेल. आणि एक घर आमच्या गावातही आहे.